डबा नंबर सात

रात्री सव्वाअकराला बेतालभाटीच्या हॉटेलात
बँड थांबतो, तेव्हा आमचं काम सुरू होतं.
मागच्या दारी, गॅसच्या सिलिंडरांपाशी
मी केसांना जाळी लावते, मोजे चढवते,
आणि बोस्त्यांव व्हॅनचं दार असं अदबीनं उघडतो
जणू आतून व्याही उतरणार आहेत.

डबे स्टीलचे, अंगावर लाल रंगात आकडे.
तीनचं झाकण तीनलाच बसतं,
सातचं सातलाही नाही.
त्याला सुतळी बांधावी लागते.

सुरुवातीला आई म्हणायची,
"लोकांचं उष्टं वाहतेस?"
मी समजावलं:
ताटातलं ते उष्टं, कालचं ते शिळं,
भांड्याला चिकटलेलं ते खरकटं.
आम्ही नेतो ते उरलेलं.
पळी लागलेली, हात न लागलेला.
"बरं धुऊन घेतलंस गं शब्दांत," ती म्हणाली,
आणि त्या रात्रीपासून माझ्यासाठी
वाटीभर सोलकढी झाकून ठेवू लागली.

दिवसा मी शाळेच्या प्रयोगशाळेत असते,
लिटमस, बीकर, मुलांनी फोडलेल्या नळ्या.
म्हणून थर्मामीटर माझ्याकडे.
साठच्या वर असेल तर घ्यायचं, नाहीतर हात जोडायचे.
पण आकडा सगळं सांगत नाही.
नाक सांगतं.

आज जिरा भात, अठरा किलो.
अळसांद्याचं तोणाक, पाव दोन पिशव्या,
बेबिंकचे अठ्ठावीस तुकडे,
आणि सातमध्ये कोळंबीची कढी,
अकरा किलो, वर केशरी तवंग,
इतकी देखणी की शेफनं स्वतः सुतळी बांधली.
त्रेसष्ट, मी वहीत लिहिलं.

माजोर्ड्याच्या फाटकावर कोळशाची गाडी.
बावन्न डबे मोजले, मग मोजणं सोडलं.
ती सरकली, थांबली, पुन्हा थांबली.
बोस्त्यांवनं इंजिन बंद केलं, गळ्यातला क्रूस चाचपला,
शिवी मात्र रेल्वेलाच दिली.

वेर्ण्याच्या पठारावर पत्र्याच्या खोल्या.
एक वाजला तरी कुणी निजलं नव्हतं.
मल्लव्वानं पोरांना उंचीनुसार उभं केलं होतं,
लहान पुढे.
एतवा नावाच्या माणसानं पावाच्या पिशवीवरचं
हॉटेलचं चित्र दिव्याखाली धरलं.
"इसका फर्श मैंने किया," तो म्हणाला,
"नीचे का पूरा. एक भी टाइल नहीं हिलेगा."
मला आठवलं, आज त्याच फरशीवर
नवरीचा बूट घसरला नव्हता.

मग मी सातची सुतळी सोडली.
आंबली नव्हती.
आंबायच्या विचारात होती.
एक्केचाळीस.
मी मान हलवली. रांगेतली ताटं
अजून पुढेच होती.
"दीदी," एतवा म्हणाला, "हम लोग ऐसा खा लेते हैं."
रागानं नाही. माहिती द्यावी तसं.

त्याच्यापेक्षा ओरडला असता तर बरं.

मागे जांभ्याची जमीन, फावड्याला दाद न देणारी.
बोस्त्यांवनं गुडघाभर खणलं.
कोळंब्या एकेक करून ओळखीच्या माणसांसारख्या
माझ्याकडे बघत खाली गेल्या.
मोजे काढून मी हातांनीच माती लोटली.
कुत्री लांब उभी होती, शहाण्यासारखी.

परत आले तर एतवाच्या मांडीवर झाकण.
दगडावर उलटं ठेवून, टाइल बसवायच्या लाकडी हातोडीनं
तो त्याची कड ठोकत होता,
हलकं, कान लावून, पुन्हा हलकं.
भात त्याच्या ताटात गार होत होता.
"अब बैठेगा," तो म्हणाला.
बसलं.

वहीत रकाने तीन: आलं, वाटलं, टाकलं.
झाकणासाठी जागा सापडली नाही.
येताना व्हॅनमध्ये सात वाजलाच नाही,
आणि मी सारखी मागे वळून बघत होते.

आई जागीच होती.
"पुरलं का गं सगळ्यांना?"
"पुरलं," मी म्हणाले.
सोलकढीच्या वाटीला हात लावला तेव्हा दिसलं,
नखांत अजून तांबडी माती.