इष्टु

अकरा दिवस वेदगंगा आमच्या घरात राहिली.
गेली तेव्हा मागची भिंत घेऊन गेली,
न विचारता, शेजारीण चाळण नेते तशी.
पुढची उभी राहिली खुंटीसकट,
खुंटीला माझी पिशवी, पिशवीत चिखल.

मोजायला माणूस आला चिकोडीहून,
म्हणाला, तुमचं घर ‘बी’त बसतंय.
पुरतं पडलं असतं तर ‘ए’.
सत्यव्वा म्हणाली, पडलंय की,
हे बी पडलंय, ते बी पडलंय.
त्यानं लिहिलं, बी.

कागद कानडीत. शेजारच्या पोरानं वाचून दाखवला.
भरमूचं ब्रह्मा झालं होतं.
अर्जदार ब्रह्मा, वय एकाहत्तर,
राहायला जागा नाही.
शाळेच्या व्हरांड्यात आम्ही दोघं
पोट धरून हसलो,
पाणी आल्यापासून पहिल्यांदा.
ती म्हणाली, दुरुस्त करू नका,
देवाच्या नावानं तरी लवकर मिळंल.
पहिला हप्ता मिळाला.

तेवढ्यात दस्तगीर गवंडी आला.
जोतं दोन हात वर. भिंत. पत्रा.
मग स्वयंपाकाच्या कट्ट्यापाशी थांबला,
हातात थापी,
आणि विचारलं तिला, मला नाही :
एष्टु?
किती उंच, एवढंच.
सत्यव्वाच्या मांडीवर बिड्यांचं सूप होतं.
तिचा हात कधी थांबत नाही,
सुतकात थांबला नाही.
थांबला.

जुना कट्टा माझ्या आईच्या मापाचा.
आई उंच, बोरगावची, गुडघे गेलेले,
म्हणून बाबांनी चूल उचलून वर ठेवली.
ही नवी आली तेव्हा
कट्टा हिच्या छातीला लागायचा.
हिनं पहिल्याच आठवड्यात, कुणाला न सांगता,
सागवानी पाट पायाखाली सरकवला
आणि त्रेचाळीस वर्षं त्याच्यावर उभी राहिली.
पोटात पोर असताना उभी राहिली.
माझी वखारीतली रात्रपाळी, पहाटेची भाकरी,
आईच्या शेवटच्या दिवसांतली पेज.
मी रोज जेवलो.
पाट दिसला असंल. पाट म्हणूनच.

पुरात तांब्याचा हंडा गेला, त्याला ती रडली नाही.
पाटाला रडली,
आणि मी म्हटलं होतं, काय बाई,
दुसरा आणू.

दस्तगीरनं परत विचारलं, एष्टु, अव्वा?
तिनं बेंबीच्या जरा वर हात आडवा धरला,
चोरून धरल्यासारखा,
इकडं तिकडं बघून. म्हणाली,
इष्टु.
त्यानं हाताखालनं कोळशाची रेघ ओढली.
मी बोललो, मिस्त्री, एवढं खाली?
दोघांनी माझ्याकडं बघितलं.
मी विटा भिजवायला गेलो.

ऊसतोड लागली तेव्हा रायगोंडाच्या फडात
पाट सापडला,
चार शेतं पलीकडं, पालथा.
उलटला तर मधोमध दोन खळगे,
दोन टाचांचे.
मी त्यात अंगठा फिरवला. गुळगुळीत.
तिनं हातातनं घेतला, धुतला,
दारात टाकला. त्याच्यावर बसून बिड्या वळते आता.

दुसरा हप्ता अजून यायचाय.
मागच्या भिंतीला गिलावा नाही,
वारा सुटला की विटांतनं
नदीचा वास येतो, मग जातो.
पहाटेचा चहा मी करतो.
कट्टा मला खालीच, वाकावं लागतं,
कंबर बोलते. मी बोलत नाही.
परवा साखर शोधत होतो,
दारातनं आवाज आला :
पायाखाली खड्डा खणून देऊ का,
ब्रह्मदेवा?