पन्नास हर्ट्झ

कोराडीतून रिटायर झाल्याच्या तिसऱ्या महिन्यात
यांनी सदरच्या फ्रान्सिसकडून मासा आणला.
काळा. सुरीच्या पात्यासारखा. शेपटीवर दोन पांढरी कडी.
मी म्हटलं, बाप्पा, हा मासा आहे का?
ना पाठीवर पर, ना धड डोळे.
"याची वीज स्वतःची आहे," हे म्हणाले,
जसं कोणी सांगावं, पोरगा सरकारी नोकरीत आहे.

दिवसभर तो प्लास्टिकच्या नळीत.
रात्री निघतो,
पोटाखालची एकच लांब झालर हलवत,
पुढे जातो, आणि न वळता
तसाच मागे.

एकदा यांनी दोन तारा पाण्यात सोडल्या,
दुसरी टोकं जुन्या टेपला जोडली.
खोलीभर बारीक शिट्टी.
श्वास न घेणारी.
झोपेतही चालू, म्हणाले, सेकंदाला हजारदा.
दगड जवळ आला की अंगावर सावली पडते म्हणे,
अळी आली की उजेड.
सगळी कातडीच बुबुळ.

बत्तीस वर्षं यांनी कंट्रोल रूममध्ये काटा सांभाळला.
पन्नास म्हणजे पन्नास.
राज्यातली सगळी यंत्रं एका पावलावर,
एखादं बहकलं की गावंच्या गावं काळोखात.
घरीही तेच. आठला ताट. नऊला बातम्या.
माझं बोलणं त्यांच्या बोलण्याखाली.

मे महिन्यात दुसरा आणला.
भांडतात, म्हणून मध्ये भोकांची फळी.
दोघांचा सूर जवळपास एकच निघाला,
टेपमधून नुसती घरघर, चढती, उतरती.
"आता दोघंही आंधळे," हे म्हणाले.
मग जुन्यानं आपला सूर
किंचित वर नेला.
एवढंच.
दोन शिट्ट्या वेगळ्या झाल्या.

तेवढ्यात लाइट गेली. मानकापूरपर्यंत सगळं काळं.
कूलर घरंगळत थांबला.
टेप सेलवर होता, म्हणून ते दोघं ऐकू येत राहिले.
हे फोन उचलून सबस्टेशनला ओरडतील, वाटलं.
ओरडले नाहीत. अंधारातच विचारलं,
"काय म्हणून राहिली होती तू मघा?"

काही आठवेना.
म्हटलं, पाणी तापलं असेल त्यांचं,
फ्रीजमधली बर्फाची बाटली सोडा आत.