एकतीस फूट, चार इंच

श्रेणिक मगदूम धावतच वर्गात शिरला,
चपला हातात, मोबाईल शर्टाच्या आत.
"मॅडम, धरणाची भिंत फुटली!
रात्री नऊला मारुती चौकात बारा फूट पाणी!"
मागच्या बाकावर कुणीतरी रडायलाच लागलं.

मी म्हटलं, दाखव.
एक भिंत, एक लोंढा, ओरडणारा एक माणूस,
खाली तांबड्या अक्षरांत: लगेच पाठवा, वेळ नाही.

"ओरडतोय ते कुठल्या भाषेत?"
खिडक्या लावल्या. आवाज वाढवला.
नववी क पहिल्यांदाच एवढी गप्प.
संचिता आवटी म्हणाली, मराठी नाही. कन्नडपण नाही,
कन्नड मला कळतं, माझं आजोळ अथणीचं.
तस्लीम शिकलगारनं काचेवर बोट ठेवलं,
"सावल्या बघा की मॅडम. तिथं ऊन पडलंय.
आपल्याकडं आठ दिवस कपडे वाळले नाहीत."

खरं तर पाच मुद्दे फळ्यावर लिहायचे होते.
खडू हातातच घामेजला.
त्याऐवजी मी रावजी नलवड्यांचं सांगितलं.

दोन वर्षांपूर्वी, अशीच संध्याकाळ.
एक मेसेज आला. मी अर्धा वाचला
आणि पूर्ण पाठवला.
गल्लीच्या ग्रुपवर, माझ्या नावानं,
नावापुढं एम.ए., बी.एड.
सांगलवाडीत रावजींनी तो बॅटरीच्या उजेडात वाचला
आणि रातोरात तीन म्हशी विकल्या
मिरजेच्या व्यापाऱ्याला, तो देईल त्या भावात.
पाणी आलं.
गोठ्याच्या उंबऱ्याखाली दीड हातावर थांबलं.
सकाळी ते दूध घालायला आले नाहीत.
चार दिवसांनी पानपट्टीपाशी भेटले. भांडले नाहीत.
म्हणाले, "दुसऱ्या कुणाचा असता, तर बघू म्हटलं असतं.
बाईंचा होता, म्हणून उठलो."

खोट्याला पाय नसतात, ते आपल्या खांद्यावर बसून जातं,
असलं काहीतरी मी म्हणाले असेन.
नीट आठवतं ते तस्लीमचं विचारणं:
"मग तुम्ही ग्रुपवर सांगितलं का, चुकलं म्हणून?"

डिलीट केला होता.
सांगितलं नव्हतं.

शाळा सुटल्यावर पाच जण, घरी विचारून,
आयर्विन पुलावर.
छत्र्या उलट्या होत होत्या,
खालून हळदीच्या पोत्यासारखं पाणी,
त्यात एक अख्खं केळीचं झाड, घडासकट.
खांबावर फुटांची पट्टी.
पाच जणांची पाच उत्तरं.
श्रेणिक तीस म्हणाला,
चष्मा पुसून आला आणि एकतीस म्हणाला.
इंचांवरून वाद, शेवटी चारावर तह.
वहीत लिहिलं: किती, किती वाजता, कुठं उभं राहून, कुणी पाहिलं.
संचितानं स्वतःच एक रकाना वाढवला,
"काय माहीत नाही."
त्यात लिहिलं: धरणातनं किती सोडलंय.

नियंत्रण कक्षाचा फोन तीनदा लागला नाही.
चौथ्यांदा एक दमलेला आवाज म्हणाला,
भिंतीला काही झालेलं नाही ओ ताई,
सकाळपासून हेच सांगतोय.
विसर्गाचा आकडाही दिला.
संचितानं रकान्यात तो भरला,
पुढं लिहिलं, "फोनवर ऐकलं, पाहिलं नाही."

घरी येऊन मी गल्लीचा ग्रुप उघडला.
सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटं. आयर्विन पूल.
एकतीस फूट, चार इंच. एखादा इंच इकडंतिकडं.
पाहणारे सहा जण, नावं खाली दिली आहेत.
धरण फुटल्याचा व्हिडिओ इथला नाही.
मग बराच वेळ अंगठा नुसता काचेवर.
आणि दोन वर्षांपूर्वी मी पाठवलेलंही खोटं होतं.
रावजी, तेव्हाच सांगायला हवं होतं.

रात्री साडेदहाला त्यांचं उत्तर आलं,
"बरं."
थोड्या वेळानं आणखी एक,
"चढतंय का उतरतंय?"

मला माहीत नव्हतं.
तसंच लिहिलं.
सकाळी पुन्हा बघून सांगते.