उंचीचा रकाना

माता-बाल कार्डावर उंचीला एकच चौकोन असतो.
बाईची उंची एकदाच मोजायची,
बाई काही वाढत नाही,
असं कार्ड छापणाऱ्यांनी धरलेलं.

सुगंधा भोये. खेप पहिली. महिना चौथा.
वय सासूनं सांगितलं, एकोणीस.
मी यमुनाताईंकडं पाहिलं, आमच्या आशा.
त्या पिशवीत काहीतरी शोधायला लागल्या.
खरं लिहिलं तर फोन पेठच्या ठाण्याला,
नवरा आत,
आणि ही पुन्हा या पायरीवर दिसणार नाही,
पाड्यावरच बाळंत होईल, किंवा होणार नाही.
मी एकोणीस लिहिलं. निळ्या पेनानं, नीट.

उंची एकशे त्रेचाळीस.
रक्त आठ पॉइंट दोन.
बीपीचा पट्टा दंडाला गुंडाळून उरला.

सातव्या महिन्यात आली ती दिंडोरीहून,
द्राक्षांच्या थिनिंगला गेली होती, नखं काळी.
गोळ्यांचं पाकीट तसंच.
"शी काळी होती त्यानं," म्हणाली
आणि तोंडावर हात धरून हसली.
मग आपणहून सांगत बसली:
पहिल्या वर्षाच्या वेलीला घड नाही ठेवायचा, सिस्टर.
दिसला की खुडायचा, शेठ लक्ष ठेवतो.
नाहीतर वेल बसती.

तिच्या पोटावर टेप होता माझा.
आकडा विसरले. परत मोजला.

उठताना विचारते, उंची नाही घेत?
आश्रमशाळेत दर जानेवारीला घ्यायचे,
नववीच्या रांगेत मी पुढून तिसरी.

कार्डावर जागा नव्हती. तरी म्हटलं, ये.
चपला काढल्या, टाचा भिंतीला,
मान ताठ, श्वास धरलेला.
एकशे चव्वेचाळीस.

पोटातलं हाड मागत होतं,
हिचं हाडही मागत होतं,
आणि ताटात नागलीची एकच भाकर.

सावळघाटात एकशे आठ बंद पडली, दुसरी आली,
सिव्हिलला सिझर झालं. मुलगी. एक किलो नऊशे.
हे मला फोनवर कळलं, जेवताना.

दीड महिन्यानं लसीला आली.
मुलीच्या कार्डाला पानभर आलेख,
महिन्यामहिन्याचा ठिपका द्यायला जागा.
मी पहिला ठिपका देते तोवर
ही चपला काढून भिंतीशी उभी.

एकशे पंचेचाळीस.
याच्या खाली जोखमीची माता, असं आम्हाला शिकवलंय.
आता पोचली रेघेला.
टाके सुकल्यावर.

"लिहा ना," म्हणाली.
चौकोन भरलेला.
म्हणून पेन्सिल घेतली, तिच्या डोक्यामागं
चुन्यावर रेघ मारायला,
तेवढ्यात तराजूत लेक रडली,
आणि ही तशीच भिंतीला चिकटून,
हळूच, मला दिसणार नाही अशी, उंच होत.

टाचा खाली, मी म्हटलं.