अंदाजपत्रक

तांबडं फुटायच्या आत मी तांब्याचा भाव बघते.
स्लाव, गोदामाच्या माडीवरचं ऑफिस,
हीटर अजून कुरकुरतोय,
आकडा रात्रीतून पुन्हा वर सरकलाय.

या धंद्यात आले तेव्हा अंदाजपत्रकाच्या तळाशी
'दर नव्वद दिवस ग्राह्य' असं छापलेलंच असायचं.
मग तीस झाले. मग सात.
परवा केबलवाला फोनवर म्हणाला,
'आज चारपर्यंत. चारनंतर मला विचारू नका.'
दुधाआधी आता आकडा नासतो.

बँकेला एक पान हवंय:
येत्या पाच वर्षांत व्यवसायाची दिशा.
ग्लिनिस प्रिचर्ड, माझी मालकीण, म्हणते
तूच लिही, तुला आकडे कळतात.
आकडे कळतात. दिशेचं वायरमनला विचारावं:
एक तार नेते, एक परत आणते,
तिसरी मुकाट जमिनीत उतरते
आणि बिघडलं तरच कामाला येते.

तरी लिहिते.
मागणी: भरपूर.
छपराछपरावर सौर पट्ट्या, दारादारात गाडीचं चार्जर,
गॅसचे बॉयलर निघताहेत, त्यांच्या जागी पंप,
आणि साठ सालचे फ्यूजबोर्ड
हे सगळं ऐकून भिंतीत घाम पुसताहेत.
शिवाय इस्टेटीवरच्या त्या बिनखिडक्यांच्या इमारती.
आत माणसं मोजकीच, यंत्रांची मोजदाद अखंड,
गुरगुर दिवसरात्र,
एकेकीला अख्ख्या गावाची भूक.
आमची तीन पोरं त्यांनी नेली, दीडपट पगारावर.
त्यांच्या वयात मीही गेले असते,
पण हे बँकेला लिहायचं नसतं.

पुरवठा:
टेरेन्स ल्यूकॉक, चौसष्ट.
भिंतीवर तळवा ठेवून सांगतो
वायर आत कुठे वळली असेल,
कारण ती वळवणाऱ्याला तो ओळखायचा.
मार्चमध्ये थांबणार. गुडघे.
हे कुठल्या रकान्यात घालू?

नवीन आलीय केझाया ओपोकू, एकोणीस वर्षांची.
पहिल्याच आठवड्यात तिनं
स्विच बंद केला, कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली,
मीटर चालू लाइनवर तपासला,
मग वायर,
मग पुन्हा मीटर.
टेरेन्स दारात उभा होता. काही बोलला नाही.
आपला पिवळ्या मुठीचा पेचकस
तिच्या पेटीत टाकून चहा करायला गेला.

ग्लिनिसला सांगून उपयोग नाही,
पण आमच्याकडे अंदाज बांधतात,
घरासारखा,
आणि तो चुकतो, वाटेसारखा.
मी बावीस वर्षं बांधतेय.
नव्या जोडणीची रांग कधी सरकेल,
तांबं कुठे थांबेल, पोरं परत येतील का,
याचं पंचांग अजून कुणी छापलेलं नाही.
बँकेच्या पानावर मी 'सकारात्मक' लिहिलं,
खोडलं, परत लिहिलं.

दुपारी एक चिठ्ठी वर आली.
मिसेस वोज्निअक, चाल्वी, वय ब्याऐंशी.
जमिनीलगतचं एक सॉकेट कमरेइतकं वर हवंय.
वाकता येत नाही.
दोन कंपन्यांनी फोन उचलला,
तिसरीनं उचलून ठेवला.

चार वाजले. डिसेंबरात इथे हीच दिवेलागण,
इस्टेटीवरचे दिवे कुणी हात न लावता लागतात.
पान अर्धं ठेवून मी तिचं काम आधी काढलं.
केबल चार मीटर, बॉक्स एक, प्लॅस्टर थोडं,
अर्धा दिवस केझाया,
आणि नुसतं बघायला टेरेन्स, त्याचे पैसे नाही लावले.
तांब्याचा भाव सकाळचाच धरला.

तळाशी 'ग्राह्य' या शब्दापुढे
बोट थोडं थांबलं.
मग टाइप केलं:
तुमची सवड होईपर्यंत.

ग्लिनिस ओरडेल.