मानस

आठ नंबरची नळी, ओठांपाशी बावीस सेंटिमीटर,
उजव्या कोपऱ्यात चिकटपट्टीने बांधलेली.
मिनिटाला चौदा श्वास.
ते त्यांचे नाहीत.
तक्त्यावर मात्र मी त्यांच्याच नावाखाली लिहिते :
सोयरू नायक, आडपई, वय एकसष्ट,
हृदयाची झडप बदलली.

झडप म्हटल्यावर काल हसले होते,
ट्रॉलीवर, डोक्याला हिरवी टोपी.
"चाळीस वर्षं मी आणि काय केलं, सिस्टर?"
खाजनाच्या बांधावर त्यांचं मानस.
मानस म्हणजे मन नव्हे,
हे मला, डोंगराकडच्या पोरीला, त्यांनीच सांगितलं.
लाकडी दारं.
भरती आली की नदीच ती लोटून घेते,
सुकतीला शेतातलं पाणी आतून उघडतं.
माणसानं फक्त अडकलेला ओंडका काढायचा,
कुर्ल्यांनी पाडलेली भोकं चिखलानं बुजवायची,
आणि रात्री उठायचं.

रात्री दोनला हात हलले.
नळी ओढतील म्हणून मनगटं कठड्याला बांधली.
बांधताना मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

चारला डॉक्टर कुंकळयेकर आले, डोळे चोळत,
यंत्राचा आधार उतरवला.
"अर्धा तास बघू."
बघणं म्हणजे काहीच न करणं,
ते मला अजून नीट जमत नाही.
पडद्यावरची रेघ सपाट.
सपाट.
मग एक उंचवटा,
वेडावाकडा, कुणाच्याच मापाचा नसलेला.
पुढचा यायला इतका वेळ लागला
की माझाच अडकला.

पाच चाळीसला नळी काढली.
उशी छातीशी कवटाळून ते खोकले,
आणि खरवडून निघालेला पहिला शब्द :
"उदक."
इतक्यात पाणी द्यायचं नसतं.
ओला गॉज ओठांवरून फिरवला.
त्यांनी मान हलवली. ते नव्हे.
"उदक?"
या वेळी शेवट किंचित वर गेला होता.

बाहेर बाकावर त्यांचा मुलगा, चपला उशाला.
हलवला तर झोपेतच म्हणाला,
"काल उमास. आता सुकती. दारं उघडलीं आसतलीं."
आत येऊन मी तेवढंच सांगितलं.
डोळे मिटले त्यांनी.

श्वासांच्या रकान्यात अठरा लिहिले.
पुन्हा मोजले, एकवीस.
खोडलं.
ड्यूटी संपायला अजून दोन तास होते.