अकरा पंचवीस

नियमाप्रमाणे नाव लिहायचं नाही.
ती क्रमांक एकशे सत्तेचाळीस, वय चौपन्न.
मी इथे तिला रत्नप्रभा म्हणते.
खरं नाव कुलूपबंद कपाटात आहे,
किल्ली सरांकडे.

मार्चमध्ये छातीत कळ आली तेव्हा
तिने सोडा घेतला, उरलेल्या चाळीस पोळ्या लाटल्या,
मग रिक्षा केली.
आमच्याकडे आली स्टेंट बसल्यावर सहा आठवड्यांनी,
प्रश्नावलीसाठी.

गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस उदास वाटलं?
कधीच नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त, जवळजवळ रोज.
"उदास व्हायला आधी बसावं लागतं हो," ती म्हणाली.
"सदाशिव पेठेतली ती अभ्यासिकेची पोरं,
साडेबाराच्या आत डबा मागतात."
कधीच नाही. शून्य.
नऊच्या नऊ प्रश्नांना शून्य.

मग होल्टर लावला. छातीवर पाच चिकट्या,
कमरेला डबी, चोवीस तास अंघोळ नाही,
आणि एक वही: केव्हा काय केलं ते लिहायला.
परत आली तेव्हा डबीच्या बटणांत कणीक होती.
वहीत पेन्सिलीने:

पाच दहा. कणीक मळली.
सहा. चहा.
सात ते अकरा. पोळ्या, दोनशे साठ.
अकरा पंचवीस. काही नाही.
बारा. डबे.

मी आलेख उलगडला.
तव्याच्या धगीपुढे चार तास
हृदय शहाण्यासारखं चाललेलं,
डबे घेऊन तीन जिने चढतानासुद्धा.
आणि अकरा पंचवीसला,
जिथे काही नाही,
ठोके पायात पाय अडकून पडलेले,
सहा मिनिटं.

"हे काय होतं?"
तिने कागद हातात घेतला, उलटा.
मी सरळ करून दिला.
"फोन."
"आला होता?"
"नाही."

भाऊ सासवडकडून रोज त्या वेळी करायचा,
बागेला पाणी सोडून झालं की बांधावरूनच.
यंदा खट्टा बहर धरायचा की मीठा,
म्हैस आटली का, तुझ्या गुडघ्याचं काय.
एकोणीस वर्षं.
मग तिकडे गुंठ्याला भाव आला,
मागोमाग हक्कसोडाचा कागद आला,
आणि तिने तो वाचायला मागितला.
सही नाकारली नाही. नुसता वाचायला मागितला.

"आता संबंध नाही," म्हणाली
आणि चिकटीची जागा खाजवत राहिली.

आमचा निबंध पुढल्या वर्षी तयार झाला.
तीनशे बारा माणसं, चार तक्ते.
मी शेवटी लिहिलं होतं, मनाचा भार हृदयावर पडतो.
सरांनी ते खोडून लाल शाईने लिहिलं:
संबंध आढळतो. कारण आहे असं म्हणता येत नाही.

बरोबरच आहे ते.
मी स्वतः पहिल्या वर्षाच्या मुलांना हेच शिकवते.
तरी त्या संध्याकाळी लकडी पुलाच्या सिग्नलला
गाडी बंद करून उभी असताना
मला ते वाक्य उलटं ऐकू आलं, तिच्या आवाजात:
कारण आहे हो. संबंध म्हणता येत नाही.

वर्षाच्या तपासणीला आली तेव्हा तिने विचारलं,
"माझं काय निघालं मग?"
मी तक्ता तीन दाखवला. हा रकाना.
"काय लिहिलंय?"
नैराश्य नाही. एकशे शहाण्णव जण.
तिने त्या आकड्यावरून बोट फिरवलं,
पोळीची कड नीट आहे का बघावी तसं.
"एवढे," म्हणाली. "आणि सगळे खोटं बोललो?"

भिंतीवर सव्वाअकरा झाले होते.
तिने पिशवीतून फोन काढला,
आवाज पूर्ण वाढवला,
आणि माझ्या टेबलावर पालथा ठेवला.